बालकांच्या अपस्मारातील शस्त्रक्रिया : सीमेचा आणि वेळेचा प्रश्न

अपस्मार हा एकच एक रोग नव्हे. मेंदूच्या अनेक भिन्न विकृतींतून प्रकट होणारे ते समान लक्षण होय. लोकभाषेत त्यास फेफरे, मिरगी किंवा आकडी अशी नावे आहेत. मेंदूतील पेशींचा एखादा समूह अकस्मात व अतिरेकी प्रमाणात विद्युत्-विसर्ग करू लागला म्हणजे झटका येतो. बहुसंख्य रुग्णांचे झटके औषधांनी थांबतात. क्वान व ब्रॉडी यांनी ग्लासगो येथील रुग्णांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध केला. त्यात पूर्वी कोणतेही औषध न घेतलेल्या ४७० रुग्णांपैकी ४७ टक्के रुग्ण पहिल्याच औषधाने झटक्यांतून मुक्त झाले. दुसऱ्या वा तिसऱ्या औषधाने हा लाभ आणखी केवळ १४ टक्क्यांना झाला. पुढे २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघाने अशी व्याख्या केली की, योग्य रीतीने निवडलेली आणि रुग्णास सोसणारी दोन औषधे निष्फळ ठरली म्हणजे तो अपस्मार औषधांस न जुमानणारा समजावा. शस्त्रक्रियेचा विचार येथून सुरू होतो.

हा विचार करताना दोन प्रश्न उपस्थित होतात. मेंदूचा नेमका कोणता भाग काढावयाचा, हा पहिला. आणि तो केव्हा काढावयाचा, हा दुसरा. प्रौढ रुग्णाच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की दुसऱ्याचे उत्तर बहुधा त्यातूनच निघते. बालकाच्या बाबतीत मात्र हे दोन्ही प्रश्न परस्परांत गुंतलेले असतात, कारण त्याचा मेंदू अद्यापि घडत असतो.

लक्षणावरून स्थानाकडे

झटका कसा सुरू होतो यावरून विकृतीचे स्थान अनुमानता येते, ही कल्पना ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज वैद्याची. काही रुग्णांत आचके प्रथम अंगठ्यात सुरू होतात, मग हात, दंड आणि चेहरा या क्रमाने पसरतात. या क्रमावरून जॅक्सनने असे अनुमान केले की, मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराच्या अवयवांची ठरावीक मांडणी असली पाहिजे आणि विसर्ग त्या मांडणीतून सरकत जात असला पाहिजे. डेव्हिड फेरियरच्या प्राण्यांवरील प्रयोगांनी या अनुमानास आधार मिळाला. २५ मे १८८६ रोजी लंडनमधील क्वीन स्क्वेअर येथील रुग्णालयात व्हिक्टर हॉर्स्ले याने या तत्त्वानुसार एका बावीस वर्षांच्या तरुणाच्या मेंदूतील वण काढून टाकला. या तरुणास ती दुखापत सात वर्षांचा असताना झाली होती. म्हणजे या शाखेच्या आरंभीच्या प्रसिद्ध शस्त्रक्रियेचे मूळही बालपणातच होते. रोग व उपचार यांमध्ये पंधरा वर्षे गेली होती.

लक्षणावरून केलेले अनुमान पुढे विद्युत्-नोंदींनी तपासता येऊ लागले. येना येथील हान्स बर्गर याने मानवी मेंदूच्या विद्युत्-लहरींचा आलेख १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. हीच आज सर्वपरिचित असलेली ईईजी तपासणी होय. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या माँट्रियल येथील मज्जासंस्था संशोधन संस्थेत वाइल्डर पेनफील्ड व हर्बर्ट जॅस्पर यांनी शस्त्रक्रिया चालू असतानाच उघड्या मेंदूवरून अशा नोंदी घेतल्या. रुग्णास केवळ स्थानिक भूल दिलेली असे. सूक्ष्म विद्युत्-प्रवाहाने मेंदूचा एकेक बिंदू उद्दीपित करून रुग्णास काय जाणवते हे विचारले जाई. वाचा व हालचाल यांची केंद्रे अशा रीतीने ओळखून त्यांना धक्का न लावता विकृत भाग काढला जाई. परंतु चार वर्षांचे मूल डोक्यावर शस्त्रक्रिया चालू असताना शांतपणे उत्तरे देईल, अशी अपेक्षा करता येत नाही. बालकांसाठी निराळा मार्ग आवश्यक होता. पॅरिसमध्ये तालेराक व बाँको यांनी मेंदूच्या खोल भागांत बारीक विद्युदग्रे अचूक बसवून, रुग्ण बिछान्यावर असतानाच झटक्याची नोंद घेण्याची पद्धत विकसित केली. या पद्धतीने झटक्याचा उगम व प्रसार तिन्ही मितींत पाहता येतो. आणि झटक्याचे चलच्चित्र सोबत घेतले की लक्षण व विद्युत्-घटना यांचा क्षणाक्षणाचा मेळ घालता येतो.

सीमा का निसटते

तपासण्या इतक्या असूनही एक तार्किक अडचण उरते. एका तपासणीतून दोन झटक्यांच्या मधल्या काळात विकृत लहरी उत्पन्न करणारे क्षेत्र कळते, दुसरीतून झटक्याचा आरंभ होणारे क्षेत्र, तर एमआरआय चित्रणातून रचनेतील दोष. ही क्षेत्रे एकमेकांवर पुष्कळदा पडतात, परंतु तंतोतंत जुळतातच असे नाही. शस्त्रवैद्यास हवे असते ते यांहून निराळे क्षेत्र : जे काढल्यावर झटके थांबतील आणि जे काढल्यावाचून ते थांबणार नाहीत, ते. या क्षेत्राची व्याख्याच परिणामावरून केलेली असल्यामुळे कोणतीही एक तपासणी ते प्रत्यक्ष दाखवू शकत नाही. अनेक साक्षींवरून ते अनुमानावे लागते, आणि अनुमान खरे होते की नाही हे शस्त्रक्रियेनंतरच कळते.

बालकाच्या मेंदूत ही अडचण वाढते. १९७१ मध्ये टेलर, फाल्कनर व त्यांचे सहकारी यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतींत एक विशिष्ट दोष वर्णिला. गर्भावस्थेत मेंदूचे बाह्यक घडत असताना पेशींचे थर तेथे नीट रचले गेले नव्हते आणि विचित्र आकाराच्या मोठ्या पेशी आढळत होत्या. बालकांच्या दुर्दम्य अपस्माराचे हे एक प्रमुख कारण होय. परंतु असा दोष एमआरआय चित्रणात मुख्यतः करड्या व पांढऱ्या द्रव्यांच्या पुसट झालेल्या सीमेवरून ओळखला जातो. आणि पहिल्या दीड-दोन वर्षांत तंतूंवरील आवरण पूर्ण बनलेले नसल्याने ही सीमा निरोगी अर्भकातही अस्पष्ट असते. एका वयात दिसलेला दोष काही महिन्यांनी दिसेनासा होतो, आणि पूर्वी न दिसलेला नंतर प्रकट होतो. निर्दोष दिसणारे चित्रण म्हणजे निर्दोष मेंदू, असा निष्कर्ष म्हणूनच काढता येत नाही.

दुसरी फसवणूक ईईजीची. विल्यम वेस्ट या इंग्रज वैद्याने १८४१ मध्ये ‘लॅन्सेट’ला लिहिलेल्या पत्रात आपल्या स्वतःच्या अर्भकाचे, वारंवार पुढे वाकविणाऱ्या आचक्यांचे वर्णन केले होते. वेस्टचे नाव मिळालेल्या या विकारात दोन्ही गोलार्धांच्या लहरी अव्यवस्थित होतात. सबंध मेंदूच रोगग्रस्त असल्याचा भास होतो आणि शस्त्रक्रियेचा विचार मागे पडतो. १९९० मध्ये लॉस एंजेलिस येथे चुगानी व सहकाऱ्यांनी मेंदूतील शर्करेचा विनियोग दाखविणारे पेट-चित्रण वापरून असे दाखविले की, यांतील काही अर्भकांत विकृती एका मर्यादित भागात असते. तो भाग काढल्यावर आचके थांबू शकतात. सार्वत्रिक दिसणाऱ्या झटक्याचे मूळ स्थानिक असू शकते, हा बालकांच्या मेंदूने शिकविलेला महत्त्वाचा धडा होय.

वेळेचा प्रश्न

बालकाच्या मेंदूची घडण निदानास अडचणीची असली, तरी उपचारास ती उपकारक ठरते. याचा ठळक पुरावा म्हणजे गोलार्धावरील शस्त्रक्रिया. अपस्मारासाठी संपूर्ण गोलार्ध काढण्याची शस्त्रक्रिया मॅकेंझी याने १९३८ मध्ये केली; १९५० मध्ये जोहान्सबर्ग येथील क्रायनॉव याने अर्धांगवात व अपस्मार असलेल्या बारा मुलांवरील अनुभव प्रसिद्ध केला. पुढे रिकाम्या पोकळीत वर्षानुवर्षे थोडाथोडा रक्तस्राव होऊन उशिराने गंभीर उपद्रव उद्भवतात असे आढळले व ही पद्धत मागे पडली. रास्मुसेनने त्यावर उपाय काढला : गोलार्धाचा काही भाग जागीच ठेवून त्याचे उर्वरित मेंदूशी असलेले संबंध तोडावयाचे. आज या तत्त्वावरील सुधारित पद्धती प्रचलित आहेत. अशा शस्त्रक्रियेनंतर विरुद्ध बाजूच्या बोटांची सूक्ष्म हालचाल आणि एका बाजूचे दृष्टिक्षेत्र गमवावे लागते. परंतु बहुतेक मुले चालू शकतात, आणि वय लहान असल्यास वाचेचे कार्य दुसरा गोलार्ध बऱ्याच अंशी उचलतो. वय वाढते तसे हे सामर्थ्य क्षीण होते. दुसरीकडे, सततचे झटके निरोगी भागाच्या विकासासही अडथळा आणतात. यास्तव विलंब हा तटस्थ नसतो.

भारतात या शाखेचा पाया वेल्लोर येथे घातला गेला. माँट्रियल येथे शिक्षण घेतलेल्या जेकब चँडी यांनी तेथे १९४९ मध्ये मज्जासंस्थेच्या शस्त्रक्रियांचा विभाग सुरू केला. बालकांसंबंधीचा एक महत्त्वाचा पुरावाही भारतातूनच आला. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील द्विवेदी, त्रिपाठी, चंद्र आदी संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अठरा वर्षांपर्यंतच्या ११६ रुग्णांची यदृच्छया विभागणी केली होती. ५७ जणांवर शस्त्रक्रिया झाली. ५९ जण औषधे घेत वर्षभर प्रतीक्षायादीत राहिले. वर्षअखेरीस पहिल्या गटातील ७७ टक्के व दुसऱ्यातील ७ टक्के रुग्ण झटक्यांतून मुक्त होते. वर्तन व जीवनमान यांच्या मापनांतही शस्त्रक्रियेच्या गटात अधिक सुधारणा आढळली.

या आकड्यांची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी १९ जणांना गंभीर उपद्रव झाले व त्यांपैकी १५ जणांत अर्धांगाचे दौर्बल्य होते. गोलार्धावरील शस्त्रक्रियेत असे दौर्बल्य बव्हंशी अपेक्षितच असते. परंतु अपेक्षित असल्याने ते सोसणे सोपे होत नाही. शिवाय बिने-कामत कसोटीने मोजलेल्या बुद्ध्यंकात दोन गटांत लक्षणीय अंतर पडले नाही. बिनेच्या मूळ कसोटीचे हे रूपांतर व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कानडी मुलांसाठी केलेले आहे. झटके थांबणे व बुद्धीचा विकास पुन्हा सुरळीत होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी बारा महिन्यांचा अवधी अपुरा असू शकतो. जी वर्षे झटक्यांत गेली त्यांची भरपाई शस्त्रक्रिया करीलच असे नाही. लवकर निदानाचे महत्त्व यामुळे कमी होत नाही, उलट वाढते.

निर्णयाची जबाबदारी आईवडिलांवर पडते, कारण ज्याचा हात दुर्बल होणार ते मूल संमती देण्याच्या वयाचे नसते. शस्त्रक्रियेने होणारी हानी एकदाच व डोळ्यांसमोर होते; झटक्यांनी होणारी हानी दीर्घकाळ व नकळत होत राहते. पहिलीचेच भय अधिक वाटावे हे स्वाभाविक आहे. वैद्याचे कर्तव्य असे की, दोन्ही हानी सारख्याच स्पष्टपणे त्यांच्यापुढे मांडाव्यात. त्यासाठी दोन औषधे निष्फळ ठरताच मुलास सर्वांगीण तपासणीची सोय असलेल्या केंद्रात पाठविणे आवश्यक आहे. तपासणी म्हणजे शस्त्रक्रिया नव्हे. तपासणीअंती शस्त्रक्रिया अनुचित ठरणारी मुलेही पुष्कळ असतात. परंतु ती अनुचित आहे हे तपासून ठरावे, मुलाचे वय उलटून गेल्यामुळे ठरू नये.