पोचा पडलेले मडगार्ड : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

नाशिकच्या भांडी बाजाराच्या आसपास ज्याचे बालपण गेले, त्याच्या कानांत तांबटांच्या हातोड्यांचा नाद कायमचा वसलेला असतो. हंडा किंवा घंगाळ मठारताना पडणारा तो ठोका आंधळ्या बळाचा नसे. पत्रा कोठे ताणला जाईल आणि कोठे आक्रसेल याचा पक्का हिशेब त्यामागे असे. मुंबई सरकारने १८८३ साली प्रसिद्ध केलेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरात या तांब्या-पितळेच्या धंद्याची नोंद आहे, आणि त्याच शहराच्या सातपूर भागात आज मोटारी तयार होतात. असे असूनही, मोटारीचे मडगार्ड फाटकाच्या खांबाला लागून पोचले आणि ते घरच्या अंगणातच दुरुस्त करण्याची उमेद एखाद्या हौशी मनुष्याने धरली, म्हणजे तो ज्या समजुती घेऊन कामास बसतो त्या बहुतेक चुकीच्या असतात. माझ्याही तशाच होत्या.

त्यांतील सर्वांत दृढमूल समजूत अशी, की पोचा म्हणजे केवळ खड्डा, आणि म्हणून तो जेथे अधिकात अधिक खोल असेल तेथे मागील बाजूने जोराचा प्रहार केला की पत्रा आपल्या जागी परत येतो. वस्तुस्थिती याच्या जवळजवळ उलट आहे. मोटारीच्या बाह्यांगाचा पोलादी पत्रा सामान्यतः ०.७ ते ०.८ मिलिमीटर जाड असतो. आघातानंतर खड्ड्याच्या तळाचा बराचसा भाग केवळ लवचिकपणे वाकलेला असतो आणि मोकळीक मिळताच पूर्वस्थितीस येऊ पाहतो. परंतु खड्ड्याच्या कडेने जी उंचवट्याची रेघ उठते, किंवा मधोमध जी घडी पडते, तेथे धातू कायमचा मुडपलेला असतो, आणि शेतातल्या बांधाने पाणी अडवावे तशी तीच रेघ त्या तळाला खाली अडवून धरते. शिवाय धातू जेथे वाकतो तेथे तो पूर्वीपेक्षा कठीण होतो. एखादी लोखंडी तार वाकवून पुन्हा सरळ करू पाहिली असता ती पहिल्या बाकाशी सरळ न होता त्याच्या शेजारीच वाकते, याचे कारण हेच. हे ध्यानी न घेता मी पहिल्या दिवशी खड्ड्याच्या मध्यावर आतून ठोके घातले. परिणामी कडेची रेघ तशीच राहिली, मधला पत्रा ताणून सैल झाला, आणि बोटाने दाबताच तेलाच्या डब्याच्या तळाप्रमाणे टकटक आवाज करीत आत-बाहेर होऊ लागला.

तेव्हा पोचा काढण्याचा क्रम तो पडण्याच्या क्रमाच्या उलट असावा लागतो. आघाताच्या जागेपासून दूर उठलेले उंचवटे बहुधा शेवटी निर्माण झालेले असतात, म्हणून त्यांचा बंदोबस्त प्रथम करावयाचा. मुठीत मावणारा गुळगुळीत पोलादी ठोकळा, ज्याला कारागीर डॉली म्हणतात, तो आतून सखल भागास टेकवून धरावा, आणि बाहेरून हलक्या हातोड्याने शेजारच्या उंच रेघेवर ठोके द्यावेत. रेघ उतरत जाते आणि डॉलीचा दाब तळाला वर उचलत जातो. हातोडा आणि डॉली यांच्यामध्ये पत्रा थेट सापडला, तर स्वच्छ टणत्कार उमटतो. तो ऐकताच सावध व्हावे, कारण दोन कठीण पृष्ठांमध्ये चेपला गेलेला पत्रा पातळ होऊन पसरतो. तांबट हे पसरणे मुद्दाम घडवून आणतो, कारण त्याला पत्र्यातून भांडे वाढवावयाचे असते; आपल्याला मात्र वाढलेला पत्रा अडचणीचाच ठरतो. बोथट आवाजाचे पन्नास हलके ठोके हे एका दणकट ठोक्याहून अधिक काम करतात, ही गोष्ट मला पटावयास दोन रविवार लागले.

पोच्यावर उकळते पाणी ओतून लगोलग बर्फ लावला की तो आपोआप उसळून वर येतो, ही दुसरी समजूत. प्लास्टिकच्या बंपरच्या बाबतीत तीत तथ्य आहे, कारण तापल्याने ते प्लास्टिक मऊ पडते आणि आतून हाताने ढकलता येते. पोलादाची गोष्ट निराळी. त्याचे तपमान ८० अंशांनी वाढवले तरी १० सेंटिमीटर लांबीच्या पट्टीत जेमतेम ०.१ मिलिमीटरची वाढ होते, आणि घडी पडलेल्या रेघेला हलविण्यास ती सर्वथा अपुरी आहे. एखादा उथळ, घडी न पडलेला पोचा या उपायाने वर आलाच, तर तो तळव्याच्या दाबानेही आला असता.

याहून घातक समजूत तांबटाच्याच उदाहरणावरून बेतलेली आहे: ठोकून कठीण झालेले तांबे तो भट्टीत लाल करून पुन्हा मऊ करतो, तद्वत मडगार्डही गॅसच्या ज्योतीने तापवून मऊ करावे. तथापि मडगार्ड हे हंड्याप्रमाणे सर्व बाजूंनी सारखे तापत नाही. मोठा भाग तापला की तो फुगून वेडावाकडा होतो, आणि गंजापासून रक्षण करणारा जस्ताचा थर असल्यास तो जळून जातो व त्याच्या धुराने ताप भरतो. शिवाय आजच्या कित्येक मोटारींचा पत्रा कारखान्यात रंगाच्या भट्टीत सुमारे १७० अंशांवर तापून मुद्दाम अधिक बळकट झालेला असतो. हे बळ लाल ज्योतीपुढे टिकत नाही. ताणलेला पत्रा आवळण्यासाठी नाण्याएवढ्या बिंदूपुरती उष्णता देण्याची विद्या खरी आहे, परंतु ती नवशिक्याने आधी भंगारातल्या पत्र्यावर शिकावी.

सर्व मडगार्डे पोलादाचीच असतात असेही नाही. म्हणून आरंभी लोहचुंबक लावून पाहावे. ते चिकटले नाही तर पत्रा ॲल्युमिनियमचा असेल, मडगार्ड प्लास्टिकचे असेल, किंवा पूर्वीच्या कोणा दुरुस्तीदाराने तेथे लांबीचा, म्हणजे खड्डा भरण्याच्या पुट्टीचा, जाड लेप चढवलेला असेल.

लांबीविषयी मात्र सविस्तर लिहिणे प्राप्त आहे, कारण आपल्याकडील बहुतेक दुरुस्त्या तिच्यापायीच बिघडतात. लांबी भरली की कोणताही खड्डा झाकतो, हे दिसावयास खरे आहे. परंतु ती ठोकाठोकीची जागा घेऊ शकत नाही. घासून झाल्यावर तिचा थर दोन-तीन मिलिमीटरांहून जाड उरू नये. त्याहून जाड थर पत्र्याच्या कंपनाने तडकतो. ती रंगावर न चढवता ८० नंबरच्या पेपरने खरवडलेल्या स्वच्छ धातूवर चढवावी. तिच्यात मिसळावयाचे हार्डनर वजनाच्या सुमारे २ टक्के असावे. वैशाखातील उन्हात ते मिश्रण काही मिनिटांतच दगड होते आणि निफाडकडच्या पौषातील सकाळी तासभर ओलेच राहते, म्हणून लोक हार्डनरचे प्रमाण मनास येईल तसे कमी-अधिक करतात. अधिक झालेले हार्डनर पुढे वरच्या रंगात डागांच्या रूपाने उमटते. सर्वांत मोठी चूक म्हणजे उघडी लांबी पाणपेपरने ओली करून घासणे. लांबीत शंखजिऱ्याची पूड पुष्कळ असते आणि ती पाणी शोषते. ते पाणी प्रायमरखाली कोंडले जाते, आणि गाडी एक पावसाळा कसारा-इगतपुरीच्या घाटातून ये-जा करून आली, म्हणजे रंगाला फोड येऊन खालून गंज डोकावू लागतो. लांबी कोरडीच घासावी. पाणी प्रायमर वाळल्यानंतर.

रंगाच्या बाबतीत, कंपनीचा सांकेतिक क्रमांक पाहून आणलेला रंग तंतोतंत जुळतोच असे समजणाऱ्यांची निराशा होते. चंदेरी झाकेच्या रंगातील ॲल्युमिनियमचे कण फवाऱ्याच्या दाबाप्रमाणे आडवे किंवा उभे बसतात आणि छटा बदलते. म्हणून जाणकार कारागीर नवा रंग शेजारच्या दारावर विरवत नेतो. हार्डनर घालून वापरावयाच्या दोन घटकांच्या रंगांत आयसोसायनेट असते. त्याने दमा जडू शकतो, आणि धुळीसाठी वापरतात तो कापडी मास्क त्यापासून मुळीच रक्षण करीत नाही. हे एक काम रंगाच्या बंदिस्त खोलीची तजवीज असलेल्या कारागिराकडे सोपवण्यात कमीपणा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढचे मडगार्ड बहुतेक मोटारींत बोल्टांनी जोडलेले असते आणि सोडवून घेता येते. ते परत बसवण्याआधी त्याची आतली बाजू अवश्य तपासावी. डॉलीच्या घर्षणाने तेथील संरक्षक लेप उडालेला असतो आणि त्या बाजूकडे कोणाचे लक्ष जात नाही. तेथे प्रायमर आणि वर रबरी लेप चढवावा. मग सर्व बोल्ट हातानेच अर्धवट फिरवून, दाराशी आणि बॉनेटशी राहणारी फट वरपासून खालपर्यंत एकसारखी येईतो मडगार्ड थोडे पुढे-मागे सरकवावे, आणि ती फट जुळल्यावरच पान्याने आवळावयास घ्यावे. माझ्या गाडीवर ते काम संपले तेव्हा सांजवेळ झाली होती. ओसरीतल्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब मडगार्डावर पडले होते, आणि जेथे पूर्वी ते मोडत असे तेथून आता ते सरळ, न थरथरता, दारापर्यंत गेले होते.