तळटीप तपासताना
ग्रंथांतील संदर्भांच्या चुका कशा ओळखाव्यात व कशा दुरुस्त कराव्यात

बंगळूर शहराच्या उत्तरेस सुमारे चाळीस किलोमीटर अंतरावर देवनहळ्ळी हे गाव आहे. तेथील किल्ला हैदर अलीने दगडात बांधून काढला आणि १७९१ साली लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या सैन्याने तो जिंकला. किल्ल्याजवळ खांबांची एक लहानशी वास्तू असून, हे टिपू सुलतानाचे जन्मस्थान होय असे तिच्यातील शिळेवर कोरलेले आहे. जन्माच्या स्थळाविषयी वाद नाही; जन्माच्या तारखेविषयी मात्र ग्रंथांत एकवाक्यता नाही. काही ग्रंथांत २० नोव्हेंबर १७५० ही तारीख सापडते, तर काहींत १ डिसेंबर १७५१.

निबंध लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने यांपैकी कोणती तारीख घ्यावी? ज्या तारखेच्या बाजूने अधिक पुस्तके असतील ती घ्यावी, असे सहज वाटते. परंतु दहा लेखकांनी एकाच अकराव्या लेखकावरून तारीख उतरून घेतली असेल, तर ते दहा साक्षीदार ठरत नाहीत. साक्षीदार एकच राहतो. म्हणून पुस्तके मोजण्याऐवजी त्या पुस्तकांच्या तळटीपांकडे वळणे हाच खरा मार्ग होय.

संदर्भ म्हणजे काय?

संदर्भ म्हणजे लेखकाने वाचकाला दिलेले वचन आहे. ‘मी सांगतो ते अमुक ग्रंथाच्या अमुक पृष्ठावर आहे, आपण स्वतः पाहून घ्यावे,’ असे तो त्यात सांगत असतो. वाचक त्या पृष्ठावर पोहोचला आणि तेथे ती गोष्ट आढळली, म्हणजे वचन पाळले गेले. ते दोन प्रकारांनी मोडते. पहिल्या प्रकारात पत्ता चुकतो : लेखकाचे नाव, वर्ष, खंड किंवा पृष्ठ यांत दोष राहतो. दुसऱ्या प्रकारात पत्ता बरोबर असतो, पण मूळ लेखक जे बोललाच नाही ते त्याच्या तोंडी घातलेले असते. पहिली चूक वाचकाचा वेळ घेते; दुसरी त्याची समजूत बिघडवते.

कालगणनेचे सापळे

भारतीय इतिहासात पत्ता चुकण्याचे एक मोठे कारण म्हणजे अनेक कालगणना. टिपूच्या जन्माची हिजरी तिथी २० जिल्हेज ११६३ अशी दिली जाते. गणित करून पाहिल्यास ती ग्रेगरी पद्धतीने शुक्रवार, २० नोव्हेंबर १७५० येते. इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुनी ज्यूलियन पद्धत चालविली होती. तिच्याप्रमाणे तोच दिवस ९ नोव्हेंबर ठरतो. म्हणजे अकरा दिवसांचा फरक पंचांगाचा असू शकतो. १ डिसेंबर १७५१ ही तारीख मात्र वर्षाहून अधिक पुढे आहे. हिजरी वर्ष वाचताना एकाने चूक झाली असे धरले, तरी उत्तर ९ नोव्हेंबर १७५१ येते, १ डिसेंबर येत नाही. तेव्हा हा फरक निव्वळ रूपांतराचा नाही आणि दोन्ही तारखांचे आधार वेगवेगळे शोधले पाहिजेत, एवढे घरबसल्या ठरते.

टिपूची नाणी वाचताना याहून मोठा धोका असतो. आपल्या कारकिर्दीत त्याने मौलूदी नावाचा निराळा सन सुरू केला आणि नाण्यांवरील वर्षांचे अंक उजवीकडून डावीकडे कोरविले. नाण्यावर ४२२१ असे अंक दिसले, तर ते १२२४ असे वाचावयाचे असतात. पण १२२४ हे वर्ष हिजरी समजले, तर इसवी सन १८०९ येतो; आणि टिपू तर ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टणच्या लढाईत पडला होता. मौलूदी सनात ५७२ मिळविले म्हणजे १७९६ हे योग्य वर्ष मिळते. अंक बरोबर उतरला, पण सनाचे नाव गाळले, एवढ्यानेच मृत राजाने नाणी पाडल्याचा चमत्कार घडतो!

मराठी वाचकास हाच सापळा शालिवाहन शकाच्या रूपाने परिचित आहे. शकात ७८ मिळवावे, हा नियम सर्वांना पाठ असतो. शिवराज्याभिषेकाला, म्हणजे ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६ या तिथीला, तो लागू पडतो व १६७४ हे वर्ष येते. परंतु जेधे शकावलीत शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य ३, शके १५५१ असा दिला आहे. फाल्गुनात इसवी सनाचे नवे वर्ष लागून गेलेले असते. म्हणून येथे ७९ मिळवून १६३० हे वर्ष घ्यावे लागते. ७८ मिळविणारा एक वर्ष मागे पडतो. शिवाय, राज्याभिषेकाची ६ जून ही रूढ तारीख ज्यूलियन असून ग्रेगरी पद्धतीने ती १६ जून होते. दोन पुस्तकांत या दोन तारखा दिसल्या, तर त्यांपैकी एक खोटी ठरत नाही. पद्धतीचे नाव न लिहिणे हा दोष होय.

न वाचता दिलेले संदर्भ

विज्ञानाचे लेखनही या दोषापासून मुक्त नाही. सिमकिन व रायचौधुरी या दोन संशोधकांनी २००३ साली एका प्रसिद्ध भौतिकशास्त्रीय लेखाचे सुमारे ४,३०० उल्लेख तपासले. त्यांपैकी १९६ उल्लेखांत मुद्रणदोष होते. पण निरनिराळे दोष फक्त ४५ होते, आणि त्यांतील एकच चूक ७८ वेळा आलेली होती. तीच चूक इतक्या जणांकडून स्वतंत्रपणे होणे शक्य नाही. ती एकाने दुसऱ्याच्या सूचीवरून उतरून घेतलेली असणार, म्हणजेच मूळ लेख पुष्कळांनी उघडलाच नसावा, हे उघड आहे.

अशा उताऱ्यांचा परिणाम कधी भयंकर होतो. १९८० साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचे एक पत्र छापले गेले. अफूवर्गीय वेदनाशामके दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, पूर्वी व्यसन नसलेल्या केवळ चौघांना व्यसन जडल्याचे आढळले, असे त्यात होते. हे सर्व रुग्ण रुग्णालयात दाखल असलेले होते. २०१७ साली या पत्राचे ६०८ उल्लेख तपासण्यात आले. शेकडा ७२ लेखकांनी ते व्यसनाचा धोका कमी असल्याचा पुरावा म्हणून दिले होते आणि शेकडा ८१ जणांनी रुग्णालयाची अट सांगितलीच नव्हती. अट गळून पडली व निष्कर्ष तेवढा पुढे चालला. ही औषधे घरी दीर्घकाळ घेण्यास निर्धास्तपणे देण्याच्या प्रथेला या उल्लेखांचा आधार मिळाला. तिच्यातून उद्भवलेल्या व्यसनाच्या साथीने उत्तर अमेरिकेत असंख्य कुटुंबे उद्ध्वस्त झाली.

अलीकडे यात नवी भर पडली आहे. लेखन करणारी संगणकीय साधने कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथांचे व निकालांचे हुबेहूब संदर्भ तयार करतात. २०२३ साली न्यूयॉर्क येथील न्यायालयाने असे काल्पनिक निकाल सादर करणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलर दंड केला.

दुरुस्तीची रीत

चूक ओळखण्यासाठी चार प्रश्न क्रमाने विचारावेत. सांगितलेला ग्रंथ खरोखर आहे काय? नाव, आवृत्ती, वर्ष व पृष्ठ जुळते काय? त्या पृष्ठावर तीच गोष्ट, तिच्या अटींसह, सांगितली आहे काय? आणि तो लेखक स्वतः आधार आहे, की त्यानेही दुसऱ्यावरूनच घेतले आहे? ग्रंथालयात बसून एका तळटीपेसाठी हे करून पाहिले, तरी पुष्कळ शिकता येते.

मूळ ग्रंथ मिळालाच नाही, तर ज्या पुस्तकात तो उल्लेख वाचला त्याचेच नाव प्रामाणिकपणे द्यावे. दुसऱ्याच्या अवतरणातील चूक गुपचूप सुधारू नये. अवतरण जसेच्या तसे ठेवून दुरुस्ती टिपेत लिहावी. छापून झालेल्या ग्रंथातील दोष आढळल्यास पृष्ठ व ओळ नमूद करून प्रकाशकास कळवावा, म्हणजे तो पुढील आवृत्तीच्या शुद्धिपत्रात येऊ शकतो. शुद्धिपत्र असणे हा ग्रंथाचा कमीपणा नसून त्याच्या कर्त्याच्या सचोटीची ती खूण आहे.

देवनहळ्ळीच्या विद्यार्थ्याने आता काय लिहावे? दोन तारखांची सरासरी काढू नये, किंवा एक मुकाट्याने वगळू नये. ‘हिजरी तिथीप्रमाणे २० नोव्हेंबर १७५०, काही ग्रंथांत १ डिसेंबर १७५१,’ असे लिहून, प्रत्येक तारीख ज्या ग्रंथाच्या ज्या पृष्ठावर आपण स्वतः पाहिली, ते त्याने तिच्यापुढे नोंदवावे. यामुळे वाद मिटणार नाही. पण पुढचा अभ्यासक पहिल्या पायरीपासून न चढता त्याच्या पायरीवरून वर जाईल.