हवा आणि हवामान



जूनमध्ये दोन पाऊस बरे झाले की शेतकी खात्यात विचारणा सुरू होते, "साहेब, यंदा हवामान चांगलं हाय, दोन एकर आडसाली जादा करू का?" चांगली असते ती हवा. हवा म्हणजे आज-उद्याचा पाऊस, ऊन, वारा, ढग. हवामान म्हणजे त्या भागाची बहुत वर्षांची सरासरी. त्यासाठी ३० वर्षांच्या नोंदी धरतात. मृगात पाऊस येतो हे हवामान, यंदाचा मृग कोरडा गेला ही हवा.

ऑगस्ट २०२३ मध्ये देशात १९०१ पासूनच्या ऑगस्टमधला सर्वांत कमी पाऊस झाला. तेवढ्यावरून भाग कायमचा कोरडा झाला असे होत नाही, तसेच एका ओल्या जूनने विहीर बारमाही होत नाही. आडसाली ऊस १६ ते १८ महिने रानात राहतो. मधला अख्खा उन्हाळा त्याला काढावा लागतो, आणि तिथेच पाणी तुटते. म्हणून क्षेत्र किती, लागण आडसाली, पूर्वहंगामी की सुरू, हे मागच्या अनेक वर्षांचा पाऊस आणि मे महिन्यातले विहिरीचे पाणी बघून ठरवावे. पाण्याची पाळी आणि युरिया मात्र आभाळ बघून. जोराच्या पावसाच्या तोंडावर टाकलेला युरिया वाहून जातो, पैसेही जातात.

हवामानही बदलते, पण ते नोंदीवाचून कळत नाही. गावात पर्जन्यमापक असेल तर रोज सकाळी ८॥ वाजता पाऊस मोजून मिलिमीटरमध्ये वहीत लिहावा. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहावे, जागा कोरी सोडू नये.