विश्लेषण : चर्चमधील लग्नासाठी तीन महिने आधी का कळवावे लागते?

खान्देशात लग्नसराई म्हटली की आधी मंगल कार्यालय ठरते, मग आचारी, मग बँडवाला. वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीचा अंदाज बांधून झाला की पत्रिका छापायला जातात. कॅथलिक कुटुंबेही याच क्रमाने निघतात आणि इथेच अडकतात. कार्यालयाची आगाऊ रक्कम भरून झालेली असते, पत्रिकेवर तारीख आलेली असते आणि धर्मग्रामाच्या कार्यालयात फादर सांगतात, ‘आधी कागद आणा, मग तारीख बघू.’ बहुतेक धर्मग्रामांत लग्नाची सूचना किमान तीन महिने आधी द्यावी, असा दंडक असतो. वधू-वरांपैकी एक जण दुसऱ्या धर्माचा किंवा पंथाचा असेल, तर तीन महिनेही अपुरे पडू शकतात. चर्चला एवढा वेळ कशासाठी हवा असतो?

खान्देशातील कॅथलिक कोणाच्या अखत्यारीत?

जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे नाशिक धर्मप्रांतात येतात. पुणे धर्मप्रांतातून १९८७ मध्ये नाशिक वेगळा झाला. येशूसंघीय थॉमस भालेराव हे त्याचे पहिले बिशप. खान्देशात कॅथलिकांची संख्या फार थोडी आहे. भुसावळला रेल्वेमुळे गोव्याची, दक्षिणेकडची कुटुंबे आली. वरणगाव-भुसावळच्या आयुध निर्माणी, दीपनगरचे वीज केंद्र, रुग्णालये आणि कॉन्व्हेंट शाळा यांच्यामुळे आणखी काही स्थिरावली. नगर जिल्ह्यातून नोकरीसाठी आलेले मराठी ख्रिस्ती आहेत, सातपुड्याच्या बाजूला आदिवासी ख्रिस्ती आहेत. एकाच रविवारच्या मिस्सेला मराठी, कोंकणी, तमिळ आणि मल्याळम् बोलणारी माणसे शेजारी बसतात, त्यामुळे लग्नाची तयारी करून घेणाऱ्या फादरांपुढे प्रत्येक जोडपे वेगळा प्रश्न घेऊन येते. जिथे बिशपांची परवानगी लागते, तिथे कागद नाशिकला जातो. धुळ्याहून ते अंतर सुमारे १६० किलोमीटर, जळगावहून त्याहून बरेच अधिक.

कागद कोणते, आणि जुना दाखला का चालत नाही?

बाप्तिस्म्याचा दाखला प्रत्येक घरात असतो. लॅमिनेट करून, शाळेच्या दाखल्याशेजारी जपून ठेवलेला. तो दाखवला की फादर म्हणतात, ‘हा नको, नवा काढून आणा, सहा महिन्यांच्या आतला.’ अनेकांना ही अडवणूक वाटते, पण त्यामागे कारण आहे. कॅथलिक चर्चमध्ये माणसाची मूळ नोंद बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात असते. पुढे त्याचे दृढीकरण झाले, लग्न झाले, तो धर्मगुरू झाला, तर ती माहिती बाप्तिस्मा झालेल्या धर्मग्रामाला कळवली जाते आणि त्याच ओळीच्या समासात लिहिली जाते. त्यामुळे नव्याने काढलेला दाखला हा नुसता जन्माचा पुरावा नसतो. त्या व्यक्तीचे आधी कुठे लग्न लागले आहे का, हेही तो सांगतो. पंचवीस वर्षांपूर्वीचा लॅमिनेट केलेला कागद हे सांगू शकत नाही.

रेल्वेतील घरांना हे विशेष जड जाते. बाप्तिस्मा इगतपुरीत, दृढीकरण मनमाडला, आता घर भुसावळला आणि मुलगा पुण्यात नोकरीला, असे असेल तर चार ठिकाणी पत्रे जातात. रजिस्टर सापडले नाही तरी वाट बंद होत नाही. बाप्तिस्मा झाल्याचे पाहिलेल्या एका विश्वासार्ह साक्षीदाराचे निवेदन धर्मनियमानुसार पुरेसे धरता येते. नावाचा घोळ त्याहून नेहमीचा. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर जोसेफ आणि आधार कार्डावर रमेश, असे मराठी ख्रिस्ती घरांत सर्रास आढळते. तो निस्तरण्याचे काम लग्नाच्या आठवड्यावर ढकलू नये.

यानंतर चर्चमध्ये दोघांची नावे पुकारली जातात. या लग्नाला अडथळा ठरेल असे काही कोणास ठाऊक असेल, तर ते सांगणे प्रत्येक श्रद्धावंताचे कर्तव्य आहे, असे १९८३ च्या धर्मनियमसंहितेतील १०६९ वे कलम म्हणते. ही पद्धत का आली? युरोपात एकेकाळी दोघांनी आपसात वचन दिले की लग्न झाले असे धरत. नंतर एक जण नाकारायचा आणि दुसऱ्याकडे पुरावा नसायचा. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने धर्मगुरू आणि साक्षीदार यांच्यासमोरच लग्न लागले पाहिजे, असा नियम केला. आजही धर्मगुरू आणि दोन साक्षीदार लागतात, ते त्यामुळेच.

बंद दाराआड काय विचारतात?

माझ्या मते सगळ्या तयारीतला सर्वांत मोलाचा आणि सर्वांत कमी समजला गेलेला भाग हाच. फादर वधूला आणि वराला वेगवेगळे बसवून प्रश्न विचारतात, उत्तरे लिहून घेतात आणि सही घेतात. आपल्याकडे मुलगी एकटी कुठे बोलायला जात नाही. आई असते, मावशी असते, मामा तर असतातच. त्यांना बाहेर थांबायला सांगितले की काही जणांना अपमान वाटतो.

पण प्रश्न पाहिले की कारण लक्षात येते. तुझ्यावर कोणी जबरदस्ती केली आहे का? पूर्वी कधी, कुठल्याही पद्धतीने, लग्न झाले होते का? काही अट घालून तू हे लग्न करत आहेस का? मुले होऊ द्यायची आहेत का? जोडीदारापासून काही गंभीर गोष्ट लपवली आहे का? कॅथलिक धर्मनियमानुसार लग्न होते ते दोघांच्या संमतीने. धर्मगुरू त्या संमतीचा साक्षीदार असतो. संमती भीतीपोटी दिली असेल, किंवा वैवाहिक आयुष्यावर गंभीर परिणाम करणारी बाब फसवणुकीने लपवली असेल, तर ते लग्न मुळातच झाले नाही, असे पुढे ठरू शकते. ‘आईवडिलांनी ठरवले, म्हणून हो म्हटले,’ असे एखादी मुलगी त्या खोलीत बोलली, तर फादरांना थांबावेच लागते. मांडवात ती हे बोलू शकत नाही. घरात बोलली असती, तर इथवर आलीच नसती. म्हणून हा अर्ध्या तासाचा संवाद उरकून टाकण्याचा नाही.

याशिवाय विवाहपूर्व शिबिर असते. नवरा-बायकोचा संवाद, घरखर्च, सासर-माहेर, व्यसन, कुटुंबनियोजनाबाबत चर्चची शिकवण असे विषय त्यात येतात. डॉक्टर आणि संसारात मुरलेली जोडपी बोलतात. पुण्या-मुंबईत नोकरी करणारे तरुण तिथेच शिबिर करून प्रमाणपत्र आणतात आणि ते चालते. १९८१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी लग्नाच्या तयारीचे तीन टप्पे सांगितले होते : लहानपणापासूनची, लग्न जवळ आल्यावरची आणि अगदी तोंडावरची. जून २०२२ मध्ये व्हॅटिकनने आणखी पुढे जाऊन लग्नापूर्वी आणि लग्नानंतरही दीर्घकाळ सोबत करणारी तयारी सुचवली. खान्देशातल्या विखुरलेल्या कुटुंबांना शनिवार-रविवारच्या शिबिरासाठी रजा मिळवतानाच नाकीनऊ येतात, हेही खरे.

मामाच्या मुलीशी लग्न चालते का?

महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मामाची मुलगी ही हक्काची मानली जाते आणि ख्रिस्ती झाल्याने नात्यांची ही ओढ संपत नाही. कॅथलिक नियमांत मात्र सख्ख्या आते-मामे, चुलत किंवा मावस भावंडांचे लग्न निषिद्ध नात्यात येते. बिशप सबळ कारणासाठी त्यातून सूट देऊ शकतात. सख्ख्या बहीण-भावाला किंवा थेट वंशरेषेतल्या नात्याला ती कधीच मिळत नाही. सूट न घेता लागलेले लग्न चर्चच्या दृष्टीने अवैध ठरते. म्हणून ‘मुलगी घरातलीच आहे’ ही गोष्ट फादरांना पहिल्याच भेटीत सांगावी.

जोडीदार प्रॉटेस्टंट किंवा हिंदू असेल तर?

खान्देशात हा प्रश्न पुस्तकी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभापासून धुळे-नंदुरबारकडे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने काम केले, भुसावळ-जळगाव-चाळीसगाव पट्ट्यात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सने. त्यामुळे या भागात प्रॉटेस्टंट शेजारी, सहकारी असणे साहजिक आणि सोयरिकीही साहजिकच.

दोघांचा बाप्तिस्मा झालेला असेल, तर परवानगी लागते. पाण्याने आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला प्रॉटेस्टंट बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मान्य करते. पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला सांगत नाही. जोडीदार हिंदू, बौद्ध किंवा मुस्लिम असेल, तर नुसती परवानगी पुरत नाही, बिशपांकडून सूट घ्यावी लागते. ती नसेल तर लग्नच वैध नाही. दोन्ही बाबतीत कॅथलिक व्यक्ती वचन देते : स्वतःची श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमध्ये व्हावा यासाठी आपल्या परीने प्रयत्न करीन. दुसऱ्या बाजूला हे वचन कळवले जाते. तिच्याकडून ते घेतले जात नाही. लग्नासाठी धर्म बदलण्याची अटही नाही. ‘चर्चमध्ये लग्न म्हणजे बाप्तिस्मा घ्यावा लागणार’ या समजापायी कित्येक बोलणी फिसकटतात, म्हणून हे स्पष्ट सांगायला हवे.

सोयऱ्यांचा मान राखण्यासाठी सकाळी एका चर्चमध्ये आणि संध्याकाळी दुसऱ्या चर्चमध्ये असे दोनदा धार्मिक विधीने लग्न लावायला मनाई आहे. प्रॉटेस्टंट चर्चमध्ये लग्न करायचे ठरले, तर बिशप विधीच्या नियमातून सूट देऊ शकतात, पण ती आधी मागावी लागते. हळद, मांडव, मंगळसूत्र याला आडकाठी नाही. अनेक मराठी कॅथलिक लग्नांत अंगठ्यांबरोबर मंगळसूत्रावरही आशीर्वाद मागितला जातो.

कायदा काय म्हणतो?

चर्चमधील लग्नाला १८७२ चा भारतीय ख्रिश्चन विवाह कायदा लागू होतो. वधू-वरांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी या कायद्याखाली लग्न लागू शकते. कॅथलिक धर्मगुरूंनी लावलेल्या लग्नांची नोंद धर्मग्रामाच्या रजिस्टरात होते आणि दर तीन महिन्यांनी तिचे विवरण सरकारच्या महानिबंधकांकडे जाते. वयाची अट सर्वांना आहे तीच : मुलगा २१, मुलगी १८.

याच कायद्याचे दहावे कलम लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सातच्या दरम्यान लागावे असे सांगते. त्यानंतर लावायचे तर कॅथलिक धर्मगुरूला बिशपांचा परवाना हवा. दुपारी बाराचे लग्न दोनला लागण्याची सवय असलेल्या आपल्या भागात, संध्याकाळी सहाची वेळ घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

खरा धोका वेगळाच आहे. चर्चचे कागद नकोत म्हणून काही जोडपी मंदिरात हार घालून मोकळी होतात. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये गुल्लिपिल्ली सौरिया राज विरुद्ध बंडारू पवनी या खटल्यात नेमक्या अशाच लग्नाचा विचार केला : नवरा रोमन कॅथलिक, बायको हिंदू, लग्न मंदिरात लागलेले आणि हिंदू विवाह कायद्याखाली नोंदलेलेही. हा कायदा दोन हिंदूंच्या लग्नापुरता आहे, म्हणून ते लग्न वैध नाही, असा निकाल न्यायालयाने दिला. धर्म न बदलता आणि चर्चमध्ये न जाता लग्न करायचे, तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा मार्ग आहे. त्यात तीस दिवसांची नोटीस असते.

आधीचे लग्न मोडलेले असेल तर?

इथे दोन दारे आहेत आणि दोन्ही उघडावी लागतात. दिवाणी न्यायालयाचा घटस्फोट मिळाला, तरी चर्च पहिले लग्न अस्तित्वात आहे असेच मानते. धर्मप्रांताच्या न्यायमंडळाने ते मुळात अवैध होते असे ठरवल्याशिवाय दुसरे लग्न चर्चमध्ये लागत नाही. उलट बाजूने, केवळ चर्चच्या न्यायमंडळाच्या निकालावर दुसरे लग्न केले, तर देशाच्या कायद्यात ते द्विभार्याविवाहाच्या गुन्ह्यात येऊ शकते. चर्चच्या अशा निकालाने कायद्यातले लग्न संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मॉली जोसेफ खटल्यात सांगितले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये चर्चची प्रक्रिया सोपी केली. दुसऱ्या न्यायमंडळाकडून निकालाला दुजोरा घेण्याची सक्ती गेली. तरीही अशा व्यक्तीने लग्नाची तारीख काढण्याआधी दोन्ही निकाल हातात असल्याची खात्री करावी.

तारीख कोणती धरावी?

आगमनकाळ आणि उपवासकाळ यांत लग्ने सहसा लावली जात नाहीत. पवित्र आठवड्यात तर नाहीच. २०२६ मध्ये राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आणि पुनरुत्थान रविवार ५ एप्रिलला आहे, म्हणजे कापसाचा पैसा हातात आल्यानंतरचा मधला काळ जवळपास निघून जातो. उरतात एप्रिल-मे, ऊन पंचेचाळिशीकडे झुकलेले आणि जळगाव-धुळ्याची कार्यालये आधीच भरलेली. मेमध्ये बार उडवायचा असेल, तर जानेवारीतच धर्मग्रामाच्या कार्यालयात जावे आणि कार्यालयाची आगाऊ रक्कम त्यानंतर भरावी.