हौशी रेडिओचा मनोरा आणि वाऱ्याचा हिशेब

हौशी रेडिओचालकांना, म्हणजेच ‘हॅम’ मंडळींना, गच्चीवर अँटेना उभारताना पहिली चिंता वाटते ती तिच्या वजनाची. ॲल्युमिनियमच्या नळ्यांची मोठी यागी अँटेना वीसेक किलो भरते. तेवढे ओझे जाळीचा साधा मनोराही सहज पेलतो. त्याची खरी परीक्षा घेतो तो वारा.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ‘आयएस ८७५’ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागातील सूत्र सोपे आहे. वाऱ्याचा वेग दर सेकंदाला किती मीटर हे घेऊन त्याचा वर्ग करावा आणि त्याला ०.६ने गुणावे, दर चौरस मीटरवरील दाब न्यूटनमध्ये मिळतो. या मानकात मूलभूत वेग पुण्यासाठी ३९ आणि मुंबईसाठी ४४ मीटर आहे. हा वेग जमिनीपासून दहा मीटर उंचीवरील, तीन सेकंदांच्या झोताचा असतो. त्यावरून पुण्याचा दाब ९१३, तर मुंबईचा ११६२ न्यूटन येतो. वेग जेमतेम १३ टक्क्यांनी वाढला, दाब मात्र २७ टक्क्यांनी! प्रत्यक्ष आराखड्यात उंची व भोवतालचा परिसर यांचे गुणकही लावावे लागतात. मनोरा गच्चीवर असेल, तर उंची जमिनीपासून धरायची, गच्चीपासून नव्हे.

आता मुंबईत अँटेनाचे वाऱ्यासमोरचे क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर आणि गोल नळ्यांसाठी आकाराचा गुणक १.२ धरला, तर आडवा रेटा सुमारे ७०० न्यूटन, म्हणजे ७१ किलो भरतो. बारा मीटर उंचीच्या टोकाशी हा रेटा बसला की तळाशी साडेआठशे किलो-मीटरचा पिळवटणारा नव्हे, तर उलथवणारा जोर निर्माण होतो. मनोऱ्याच्या स्वतःच्या अंगावर बसणारा वारा यात धरलेलाच नाही.

ताणतारा हा जोर पेलतात, पण फुकट नाही. तार ४५ अंशांत असेल, तर ७०० न्यूटनच्या आडव्या रेट्यासाठी तिच्यात सुमारे ९९० न्यूटनचा ताण येतो आणि मनोरा ७०० न्यूटनने खाली दाबला जातो. तारांचे खुंटही तितक्याच जोराने वर उपसले जातात. पावसाने भिजलेल्या मातीत हीच बाजू बहुधा दुबळी ठरते.

सर्वांत फसवी असते ती विक्रेत्याच्या माहितीपत्रकातील ‘एक चौरस मीटर क्षेत्रफळ चालेल’ ही ओळ. कोणत्या वेगाला, हे विचारल्याशिवाय तिला अर्थ नाही. ताशी ११० किलोमीटरला दाब ५६० न्यूटन, तर मुंबईच्या ४४ मीटरला, म्हणजे ताशी १५८ किलोमीटरला, त्याच्या दुपटीहून अधिक. तिथे त्याच मनोऱ्यावर अर्धा चौरस मीटरही चालणार नाही, कारण मनोऱ्याचा स्वतःचा वाटाही वाढलेला असतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा वारे ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने वाहत होते. अशाच वेळी दूरध्वनी बंद पडतात आणि हॅमचा संच लागतो. किनारपट्टीवर म्हणूनच बिजागरीचा, आडवा करता येणारा मनोरा सोयीचा; वादळाचा इशारा मिळताच तो खाली घेता येतो आणि वारा ओसरला की पुन्हा उभा करता येतो.