समुद्रकिनारी जाण्यापूर्वी घरात बोलायच्या गोष्टी

पिंपरी-चिंचवडमधील एक पिढी कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावून जगली. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली; पुढे मोटारी आणि स्कूटर तयार करणारे कारखाने आले. तीन पाळ्यांत आयुष्य विभागलेल्या त्या कामगारांच्या सुट्ट्या गावची जत्रा, घरचे लग्न आणि दिवाळी यांतच संपल्या. त्यांची मुले निराळ्या वाटेने गेली. चाकण परिसरात जर्मन मोटार कंपन्या आल्या, फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला आणि येथील काही तरुण अभियंते कामानिमित्त युरोपात स्थिरावले. मग एखाद्या रविवारी निगडीतल्या घरी फोन येतो, "आई-बाबा, यंदा इकडे या. चार दिवस भूमध्य समुद्राकाठी नीसला जाऊ."

घरात उत्साह संचारतो. पासपोर्ट शोधला जातो, स्वेटर न्यावे की नको यावर चर्चा होते. मात्र काही गोष्टी कोणीच बोलत नाही. बाबांना दुसऱ्या मजल्यापर्यंत चढताना धाप लागते. आईला दर तासाला लघवीला जावे लागते. "सांगितले तर मुले बेतच रद्द करतील," या भीतीने दोघेही गप्प राहतात. प्रवासातील बहुतेक त्रासांचे मूळ या मौनात असते. सांगितलेल्या अडचणीवर बहुधा उपाय काढता येतो. लपवलेली अडचण परक्या देशात, नको त्या क्षणी उघडी पडते.

ऋतू कोणता निवडावा?

दक्षिण फ्रान्समधील नीस हे शहर मुळात हिवाळी मुक्कामाचे ठिकाण म्हणून वाढले. अठराव्या शतकापासून थंडी टाळू पाहणारे इंग्रज तेथे सौम्य उन्हासाठी येत. युनेस्कोने २०२१ साली जागतिक वारसा यादीत त्याची नोंद केली तीही 'हिवाळी विश्रामनगर' म्हणूनच. आपण मात्र नातवंडांच्या सुट्टीमुळे जुलै-ऑगस्ट निवडतो. तेव्हाचे तापमान आकड्यात आपल्या एप्रिल-मे महिन्यांपेक्षा कमी असते, म्हणून ज्येष्ठ मंडळी निर्धास्त राहतात. परंतु उष्णतेची लाट आली की परिस्थिती बदलते. २००३ च्या ऑगस्टमध्ये अशा लाटेत फ्रान्समध्ये सुमारे १५,००० जण दगावले आणि त्यांत वृद्धांचेच प्रमाण मोठे होते. समुद्रावरील वाऱ्यामुळे घाम चटकन सुकतो; ऊन लागल्याचे आणि शरीरातील पाणी घटल्याचे लवकर ध्यानात येत नाही. शक्य असल्यास मे किंवा सप्टेंबर निवडावा. उन्हाळ्यातच जाणे भाग असेल तर दुपारी बारा ते चार खोलीत विश्रांती घ्यावी आणि खोली वातानुकूलित आहे ना, हे आरक्षणापूर्वीच विचारावे.

विम्याच्या अर्जात काही लपवू नये

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय प्रवास विमा आवश्यक असतो. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तो किमान पंधरा दिवस आधी तरी द्यावाच लागतो. उन्हाळ्यात गर्दी असते, म्हणून शेवटच्या आठवड्यांवर विसंबू नये. विम्याचा हप्ता वाढेल म्हणून मधुमेह, रक्तदाब किंवा पूर्वी झालेली अँजिओप्लास्टी न नोंदवण्याचा मोह अनेकांना होतो. हा मोह महागात पडतो. लपवलेल्या आजारावरून दावा नाकारला गेला, तर युरोपातील रुग्णालयाचे देयक मुलांवर येते. आधीपासूनच्या आजारांना किती संरक्षण आहे, हे वाचूनच विमा घ्यावा. अलीकडे हृदयविकाराचा झटका, शस्त्रक्रिया किंवा पक्षाघात झाला असेल, तर तिकीट काढण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पाण्याचा संकोच

स्वच्छतागृह शोधावे लागू नये म्हणून पाणी कमी पिणे आणि लघवी वाढवणारी गोळी प्रवासाच्या दिवशी गुपचूप टाळणे, या दोन सवयी सर्रास आढळतात. पहिलीमुळे चक्कर, मूत्रमार्गाचा संसर्ग आणि रक्तदाब घसरण्याचा धोका संभवतो. दुसरीमुळे हृदयरोग्याच्या पायांवर सूज आणि छातीत धाप वाढू शकते. गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे; ती स्वतःहून बंद करू नये. पाणी दिवसभर थोडे थोडे प्यावे. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाण्याचे प्रमाण ठरवून दिले आहे, त्यांनी तेच पाळावे. मुलांनीही दिवसाचा कार्यक्रम आखताना दर तासा-दीड तासाला बसण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय पाहावी. विमानात मार्गालगतचे आसन घ्यावे; अधूनमधून उठून चालावे आणि बसल्या जागी पोटऱ्या हलवाव्यात, म्हणजे पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो. चाकाची खुर्ची हवी असल्यास विमान कंपनीला किमान ४८ तास आधी कळवावे. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

गोळ्या घड्याळाप्रमाणे

उन्हाळ्यात नीसचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. जूनमध्ये तेथे सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. दिवेलागणीच्या सुमारास गोळी घेण्याची सवय असलेल्या आजी तेथे उजेड पाहून वाट पाहत राहतील आणि वेळ टळून जाईल. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना तर जेवण लांबणे घातक ठरू शकते. निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून मात्रांचे नवे वेळापत्रक लिहून घ्यावे. औषधाचे मूळ नाव लिहिलेली इंग्रजी चिठ्ठी जवळ असावी, कारण व्यापारी नावे देशोदेशी बदलतात. सर्व औषधे हातातील पिशवीतच ठेवावीत. सामानकक्षात इन्सुलिन गोठू शकते. तेथील औषधांची दुकाने हिरव्या क्रॉसवरून ओळखता येतात आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे.

शाकाहारी मंडळींना नीसमध्ये एक ओळखीची चव भेटते. 'सोका' म्हणजे हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल यांचे भट्टीत भाजलेले धिरडेच! कांद्याच्या 'पिसालादिएर'मध्ये मात्र मासे असतात, विचारूनच घ्यावे. रक्तदाब असणाऱ्यांनी खारवलेले ऑलिव्ह आणि चीज बेतानेच खावे.

आधी सराव, मग सफर

नीसच्या विमानतळावरून ट्राम थेट शहरात जाते. किनाऱ्यालगतचा 'प्रोमनाद देझांग्ले' हा सुमारे सात किलोमीटरचा रस्ता सपाट असून त्यावर बसण्यासाठी निळ्या खुर्च्या आहेत. परंतु किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे आणि पाणी काही पावलांतच खोल होते. चपला घालून तेथे तोल जातो. घट्ट बसणारे रबरी बूट हवेत आणि सोबतीला कोणीतरी हवेच.

यासाठी दोन महिने आधीपासून रोज सपाट रस्त्यावर चालण्याचा सराव करावा आणि जमेल तितकेच अंतर हळूहळू वाढवावे. त्यानंतर ताम्हिणी घाटातून माणगावमार्गे दिवेआगरला दोन रात्रींची सहल करून पाहावी. किती वेळा थांबावे लागले, गोळ्या वेळेवर घेतल्या गेल्या का, वाळूत चालताना गुडघ्यांनी साथ दिली का, याची नोंद ठेवावी. परदेशातील कार्यक्रम त्या नोंदीवरून ठरवावा.

त्याआधी एका संध्याकाळी चहा घेत आई-वडिलांना तीन प्रश्न विचारावेत. कशाने धाप लागते? रात्री किती वेळा उठावे लागते? वर्षभरात कधी तोल गेला का? विचारण्यापूर्वीच "उत्तर काहीही असो, बेत तेवढ्यावरून रद्द करणार नाही, लागेल तसा बदलू," असा शब्द द्यावा. ज्येष्ठांनीही मग खरे सांगावे. कधी त्या उत्तरांतून यंदा नीस नको, असेही ठरेल. दिवेआगरचा समुद्र तर आपलाच आहे, आणि तेथेही नातवंडांना बोलावता येते.