यंत्रमानवाचा जोडबोर्ड

यंत्रमानव म्हटले की हातपाय असलेला, बोलणारा, चालणारा पुतळा आपल्या डोळ्यांपुढे येतो. शिक्षणासाठी वापरले जाणारे यंत्रमानव मात्र बहुधा दोन चाकांचे आणि तळहातावर मावतील एवढेच असतात. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील तंत्रशास्त्र संस्थेत तयार झालेला ‘ई-पक’ हा त्यांपैकी एक. त्याचा व्यास सुमारे ७ सेंटिमीटर. त्याच्यात ३.७ व्होल्टची लिथियम-आयन बॅटरी, दोन छोट्या मोटरी आणि एक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकाच चिपवरचा लहानसा संगणक असतो. समोर कॅमेरा आणि कडेने आठ अवरक्त संवेदक असल्यामुळे वाटेतला अडथळा त्याला कळतो. कळत नाही ती पायाखालची जमीन! पांढऱ्या कागदावर काढलेल्या काळ्या रेघेवरून त्याला चालवायचे असेल, तर जमीन पाहणारा वेगळा बोर्ड जोडावा लागतो.

असा बोर्ड तयार करायचा झाल्यास कोणता विचार करावा लागेल? संवेदक कोणता घ्यावा, हा प्रश्न आपल्याला प्रथम सुचतो. पण त्याआधीचा प्रश्न असा की यंत्रमानवाकडून आपण काय काय उसने घेणार आहोत? जोडबोर्ड हा पाहुणा आहे. वीज, तारा आणि संगणकाचा वेळ, हे सारे तो यजमानाकडून घेतो. शाळेत यंत्रमानव एक-दोनच असतात आणि सारा वर्ग त्यांवर शिकतो. थोड्याशा रुपयांच्या बोर्डाने तो जळला, तर वर्षभराचे प्रयोग थांबतात. म्हणून आधी हिशेब, मग जोडणी.

आपल्या बोर्डावर तीन संवेदक ठेवू: डावा, मधला आणि उजवा. प्रत्येकात अवरक्त किरण सोडणारा एक एलईडी आणि परत आलेले किरण टिपणारा एक फोटोट्रान्झिस्टर. पांढरा कागद किरण परत पाठवतो, काळी रेघ ते शोषते. (खालचे आकडे हिशेब समजण्यासाठी घेतले आहेत, प्रत्यक्षात ते त्या त्या भागाच्या माहितीपत्रकातून घ्यावेत.)

यंत्रमानवाकडून ३.३ व्होल्ट मिळतात. अवरक्त एलईडी पेटताना त्यावर सुमारे १.२ व्होल्ट राहतात. उरलेले २.१ व्होल्ट रोधावर पडले पाहिजेत. २० मिलिअँपिअर प्रवाह हवा असेल, तर रोध २.१ भागिले ०.०२, म्हणजे १०५ ओहम. बाजारात १०० ओहम सहज मिळतो. त्याने २१ मिलिअँपिअर वाहतील. तीन एलईडींचे झाले ६३. बॅटरी लहान असल्याने सतत एवढा प्रवाह घेणारा पाहुणा यजमानाला जडच जाईल. हा आकडा लक्षात ठेवा, त्याकडे पुन्हा येऊ.

फोटोट्रान्झिस्टरला एक रोध जोडतात आणि त्या सांध्यावरील व्होल्टता मोजतात. समजा, पांढऱ्या कागदावर त्यातून ०.२५ मिलिअँपिअर वाहतात आणि काळ्या रेघेवर ०.०२. रोध १० हजार ओहमचा असेल तर त्यावर अनुक्रमे २.५ आणि ०.२ व्होल्ट पडतील, सांध्यावर ०.८ आणि ३.१ व्होल्ट दिसतील. फरक ठळक आहे. त्याऐवजी १ हजार ओहम घेतला तर ३.०५ आणि ३.२८, म्हणजे फरक पाव व्होल्टहून कमी. उलट १० लाख ओहम घेतला, तर काळ्या रेघेवरसुद्धा ओहमच्या नियमाप्रमाणे २० व्होल्ट पडायला हवेत. आपल्याजवळ आहेत सारे ३.३! मग पांढरे काय आणि काळे काय, सांध्यावर जवळजवळ शून्यच दिसणार.

आता खरी अडचण. सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण असतात आणि खिडकीतून आलेले ऊन संवेदकाला फसवते. यावर उपाय मोठा सुंदर आहे. एलईडी बंद ठेवून एक वाचन घ्यायचे, लगेच तो पेटवून दुसरे घ्यायचे आणि वजाबाकी करायची. जे उरले ते आपल्या एलईडीचे. ‘लगेच’ या शब्दाला येथे महत्त्व आहे. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने पुष्कळ दिव्यांचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, म्हणजे एक फेरा १० मिलिसेकंदांचा. दोन वाचनांत ५ मिलिसेकंद गेले, तर तेवढ्यात बाहेरचा प्रकाशच बदललेला असेल. म्हणून एलईडी ०.३ मिलिसेकंदच पेटवू आणि तोही दर २० मिलिसेकंदांनी एकदा.

आता त्या ६३ मिलिअँपिअरकडे पुन्हा पाहा. २० पैकी ०.३, म्हणजे दीड टक्का वेळच एलईडी पेटतात. सरासरी प्रवाह १ मिलिअँपिअरच्याही आत आला! उन्हावर शोधलेल्या युक्तीने बॅटरीचाही प्रश्न सुटला. शिवाय तिन्ही एलईडी एकदम न पेटवता एकामागून एक पेटवले, तर क्षणिक ओढही २१ मिलिअँपिअरच राहते. एका स्पंदाला ६.३ मायक्रोकूलोम विद्युतभार लागतो. बोर्डावरच १०० मायक्रोफॅरडचे धारित्र बसवले तर तो सगळा त्यातून दिला तरी व्होल्टता केवळ ०.०६ व्होल्टने उतरेल.

मात्र वजाबाकीलाही मर्यादा आहे. ३.३ व्होल्ट भागिले १० हजार ओहम, म्हणजे ०.३३ मिलिअँपिअर, याहून जास्त प्रवाह त्या रोधातून वाहूच शकत नाही. नुसत्या उन्हानेच ०.३ वाहू लागले तर एलईडीच्या वाट्याला उरले ०.०३. मग पांढरा कागद ०.०३ दाखवणार आणि काळी रेघ ०.०२. येथे गणित हात टेकते. संवेदकाभोवती काळ्या पुठ्ठ्याची झालर लावणे आणि तो जमिनीपासून काही मिलिमीटरवरच ठेवणे हाच उपाय. मला स्वतःला हा भाग फार आवडतो. प्रोग्राममध्ये कितीही हुशारी केली तरी पुठ्ठ्याचे काम पुठ्ठ्यानेच करावे लागते.

तारांचे काय? तीन संवेदकांना वेगवेगळ्या तारा नेल्या, तर मुख्य मायक्रोकंट्रोलरचे पाय संपतात. म्हणून बोर्डावरच एक छोटा मायक्रोकंट्रोलर बसवून त्याने मोजलेले आकडे दोन तारांवरून पाठवावेत. यासाठी ‘आय-टू-सी’ नावाची पद्धत आहे. हॉलंडच्या फिलिप्स कंपनीने ती १९८२ मध्ये काढली. एक तार घड्याळाच्या ठोक्यांची, दुसरी माहितीची. अनेक उपकरणे त्याच दोन तारांवर बसतात आणि प्रत्येकाला आपला क्रमांक असतो. ई-पकमध्ये कॅमेराही याच तारांवर असल्याने त्याचा क्रमांक आपल्या बोर्डाला देऊन चालणार नाही. एकाच नावाची दोन मुले वर्गात असली की हजेरीला काय होते, ते तुम्हांला ठाऊकच आहे.

या पद्धतीत कोणतेही उपकरण तार वर ढकलत नाही, फक्त खाली ओढते. वर आणण्याचे काम रोध करतात. हे रोध ३.३ व्होल्टलाच जोडावेत. बोर्डावर ५ व्होल्टची चिप वापरून रोध ५ व्होल्टला जोडले, तर यजमानाच्या चिपला धोका. ३.३ ला जोडले तरी ५ व्होल्टची चिप सात दशांशाच्या, म्हणजे ३.५ व्होल्टच्या वर आल्याशिवाय ‘उंच’ मानीलच असे नाही. तेव्हा ३.३ व्होल्टवर चालणारीच चिप घ्यावी.

जोडणीचा प्लग उलटा बसणारच नाही, असा घ्यावा. वीज उलटी जाऊ नये म्हणून मालिकेत डायोड घालण्याचा मोह होतो. पण तो ०.६ ते ०.७ व्होल्ट खातो आणि ३.३ मधून एवढे गेले तर आपले सारे आकडे बदलतात. खाचेचा प्लग काहीच खात नाही.

बोर्ड तयार झाला की तो एकदम यंत्रमानवावर बसवू नये. आधी मल्टिमीटरने वीजवाहक तार आणि भूतार यांत शॉर्ट नाही ना, ते पाहावे. मग दोन पेन्सिल सेलांचे ३ व्होल्ट देऊन प्रवाह मोजावा. एलईडीचे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, पण अनेक मोबाइलच्या कॅमेऱ्यात ते जांभळट ठिपक्यासारखे दिसतात. शेवटी रेघ. ती काढण्यापूर्वी शाई तपासून घ्या, कारण आपल्या डोळ्यांना काळ्याकुट्ट वाटणाऱ्या काही शाया अवरक्त किरण शोषत नाहीत आणि संवेदकाला त्या कागदाइतक्याच पांढऱ्या दिसतात. काजळीपासून केलेली शाई मात्र त्यालाही काळीच दिसते.